तेविसावं पाऊल

माझ्या आत्याला राग आला की ती आधी हातातली रापी खाली ठेवते. रापी म्हणजे कातडं कापायचं आमचं पातं; ते हातात धरून भांडलं तर कुणाला तरी लागायचं. रापी टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला की आमच्या कारखान्यातले सगळे आपापल्या कामात माना खुपसतात. मी सोडून. मी तिची सख्खी भाची, शेजारच्याच शिलाई मशीनवर बसते, आणि तिचं तोंड सुटलं की मला ऐकायला आवडतं. दुसरीकडून दोनदा बोलावणं आलं तरी मी इथून हलले नाही, ते बरंचसं त्यासाठीच.

आमचा कारखाना म्हणजे पहिल्या मजल्यावरची एक लांबट खोली. पाच माणसं, तीन मशीनं, रस्त्याकडे चार खिडक्या, आणि तळ चिकटवायच्या सोल्यूशनचा असा वास की पहिल्या आठवड्यात डोकं धरतं आणि नंतर सुट्टीच्या दिवशी चुकल्याचुकल्यासारखं होतं. आम्ही विजोड पायांसाठी बुटांचे जोड करतो. एक पाय आखूड, एक तळवा मोठा, बोटं गेलेली, घोटा वळलेला, असे पाय आमच्याकडे येतात. प्रत्येक पायाच्या मापाचा लाकडी ठोकळा आम्ही करून ठेवतो, त्याला फर्मा म्हणतात. भिंतभर फळ्यांवर फर्मे मांडलेले आहेत, प्रत्येकावर आकडा. नवा माणूस आत आला की दारातच थबकतो.

आत्याचा स्वतःचा फर्मा सगळ्यात वरच्या फळीवर आहे. तिचा डावा पाय चार सेंटिमीटर आखूड आहे. तिसऱ्या वर्षी ताप आला, ताप गेला, पाय मागे राहिला, असं ती सांगते. पंधराव्या वर्षी ती इथे गिऱ्हाईक म्हणून आली. जुन्या मालकांनी केलेला जोड तिनं चार वेळा परत आणला. टाच बोचते, जीभ वाकडी बसलीय, शिवण एका अंगाला जाड झालीय. पाचव्यांदा आली तेव्हा जुने मालक वैतागून म्हणाले, "मग तूच का करत नाहीस?"

"करते की. सरका," आत्या म्हणाली. त्याला आता अडतीस वर्षं झाली.

तिच्यापुढे शब्द गिळून बोललेलं तिला खपत नाही. एकदा वरच्या मजल्यावर राहायला आलेल्या बाईंनी जिन्यात तिला अगदी हळू आवाजात विचारलं, "पायाला जरा त्रास आहे का हो?" आत्या म्हणाली, "त्रास तुम्हाला होतोय, विचारताना. मी लंगडते." मग त्या बाईंची पिशवी स्वतःच्या हातात घेऊन ती त्यांच्या पुढे जिना चढून गेली.

जुन्या मालकांनी तिला एक नियम शिकवला होता. पाय चार सेंटिमीटर आखूड असेल तर तळाखाली तीनच भरायचे. एक सोडायचा. कारण इतक्या वर्षांत कंबरेनं आणि पाठीनं त्या आखूडपणाशी आपली सोय लावून घेतलेली असते. सगळा फरक भरून काढला की माणूस सरळ चालतो खरा, पण तसं रोज चालला तर आठवड्याभरात त्याची पाठ धरते. म्हणून आमच्याकडून जोड घेऊन बाहेर पडणारा प्रत्येक माणूस जरासा लंगडतोच. टक-ठप, टक-ठप. नवं गिऱ्हाईक हिरमुसतं. आत्या त्याला सांगते, "तो एक सेंटिमीटर तुमचा. त्याला मी हात लावणार नाही."

हे सगळं आधी सांगितलं, कारण हे माहीत नसेल तर एका कादंबरीवरून तिनं एवढा गोंधळ का घातला ते कळणार नाही.

दुपारी डबा खाऊन झाला की आत्या अर्धा तास वाचते. तिला जाडजूड, जुन्या काळच्या, राजा-राणीच्या प्रेमकथा लागतात. कोपऱ्यावरच्या वाचनालयातून ती त्या आणते. वाचनालय पहिल्या मजल्यावर, एकोणीस पायऱ्या. दोन प्रकरणं झाली की मान वर करून ती आम्हाला ऐकवते. "हा युवराज तीन दिवस चिखलातून चालतोय आणि जोड्याचा पट्टा काही तुटत नाही. कुणी केलाय जोड? पत्ता द्या म्हणावं."

चार वर्षांपूर्वी वाचनालयातल्या मुलीनं तिच्या हातात एका नव्या कादंबरीचा पहिला भाग ठेवला. ही मुलगी काउंटरवर बसून तारखांचे शिक्के मारते, म्हणून आमच्यात तिचं नाव शिक्केवाली. दहा वर्षांची असताना ती आईच्या मागे लपून आमच्या दारात उभी राहिली होती. तिचा उजवा पाय आखूड. आता तो फरक साडेतीन सेंटिमीटरवर थांबलाय आणि आत्या अडीच भरते. तिचे आजवरचे सगळे, सोळाच्या सोळा जोड आत्यानं केलेत. माप घेताना पोर रडू नये म्हणून आत्यानंच तिला पहिलं गोष्टीचं पुस्तक दिलं होतं. आम्ही सगळे तिला ओळखतो आणि ती माझं ऐकून आत्याला आत्याच म्हणते.

"घ्याच ही," ती म्हणाली होती. "यातली नायिका जोडे शिवते. आणि लंगडते."

आत्यानं आधी विश्वास ठेवला नाही. मग तिनं तो भाग चार दिवसांत संपवला. राणीच्या पदरी जोडे शिवणारी एक लंगडी मुलगी आणि राज्याचा सेनापती यांची ती गोष्ट. त्यात माणसांची नावं लक्षात ठेवणारं धुकं होतं, बोलणारं तळं होतं, पंखांचे घोडे होते. आत्यानं त्या सगळ्याला नाक मुरडलं. "पंख आहेत तर नाल कशाला ठोकलेत घोड्याला?" पण एका प्रसंगावर ती फिदा होती. राणीचा महाल तीनशे बारा पायऱ्यांवर. नायिका जोड पोचवायला निघते, सेनापती बरोबर असतो. प्रत्येक वळणावर तो तलवारीचा पट्टा सैल झाल्याचं निमित्त करून थांबतो, म्हणजे तिला दम खाता यावा. तिसऱ्या वळणावर ती म्हणते, "सेनापती, पट्टा बांधायला शिका. मला पुष्कळ कामं आहेत." आणि ती वर जाते. लंगडत, सगळ्या पायऱ्या, स्वतःच्या पायांनी.

हे पान आत्यानं मला किती वेळा वाचून दाखवलं याला गणती नाही. वाचनालयातली ती प्रत टेबलावर ठेवली की आपोआप त्याच पानावर उघडते. दोन वर्षांनी दुसरा भाग आला. त्यात बरीच लढाई होती, आत्यानं ती पानं भराभर उलटली आणि नायिका जिथे जिथे चालते तिथे तिथे थांबली. मग पुन्हा दोन वर्षं वाट बघितली. माझ्या आत्यानं लग्न केलं नाही, दागिन्यांची हौस केली नाही, कुठे फिरायला गेली नाही. तिसऱ्या भागाची मात्र तिनं खरोखर वाट बघितली.

तो या वर्षी आला. शिक्केवालीनं फळीवर न ठेवता आत्यासाठी बाजूला काढून ठेवला, अर्थात स्वतः आधी वाचून. आत्यानं आठ दिवस पुरवून पुरवून वाचला. आठव्या दिवशी दुपारी तिनं पुस्तक मिटलं, रापी हातात घेतली आणि लगेच खाली ठेवली.

"तळ्यात घातली तिला," ती म्हणाली.

"कुणाला?"

"तिला! त्या बोलणाऱ्या तळ्यात. बुडी मारून बाहेर आली तर पाय लांब झाला. आणि मग लग्नात नाचली, पानंच्या पानं नाचली. आणि तो सेनापती काय म्हणतो माहितीये? 'आता तू पूर्ण झालीस.' पूर्ण!" तिनं मागच्या पानावरचा लेखिकेचा फोटो माझ्यापुढे धरला. "हिला बोलवा इथे. तीनशे बारा पायऱ्या कोण चढलं होतं मग? अर्धी बाई चढली होती का? चार वर्षं वाट बघायला लावून तोंडाला पानं पुसली माझ्या."

खोटं कशाला बोलू, तो शेवट मी आदल्या दिवशी चोरून वाचला होता आणि मला आवडला होता. डोळ्यांत पाणीसुद्धा आलं होतं. माझे दोन्ही पाय सारखे आहेत. मी मशीनवर मान वाकवली आणि एक शिवण दोनदा मारली.

आत्या त्या दिवशी नुसती चिडलेली नव्हती. तिला लागलं होतं. तिच्यासारख्या चालणाऱ्या एका बाईला कुणीतरी मान देऊन उभं केलं आणि शेवटी शरम वाटावी तसं दुरुस्त करून टाकलं. संध्याकाळी जाताना ती मला म्हणाली, "दोन भाग मला वाटत होतं, ती माझ्यासाठी लिहितेय."

दुसऱ्या दिवशी शिक्केवाली कारखान्यात आली. तीन आठवड्यांनी तिचं लग्न होतं. नवरा म्हणजे वाचनालयात नकाशांची पुस्तकं घ्यायला येणारा एक शांत सर्वेक्षक. लग्न नोंदणी कार्यालयात होतं. तिनं आत्यासमोर स्टुलावर बसून सांगितलं, "आत्या, या वेळी पूर्ण साडेतीन भरायचे."

आत्याला वाटलं तिनं चुकीचं ऐकलं. "अडीच."

"साडेतीन. मी जाऊन मोजून आले. त्या हॉलच्या दारापासून सहीच्या टेबलापर्यंत बावीस पावलं आहेत. मला ती बावीस पावलं सरळ चालायची आहेत. नंतर मी तुमचाच जोड घालीन, रोज घालीन." मग तिचा चेहरा उजळला. "वाचलात ना शेवट? ती तळ्यातून बाहेर येते तेव्हा मी इतकी रडले."

रापी खाली.

"त्याला माहीत नाही का तू लंगडतेस?"

"माहितीये की. त्याचं काही म्हणणं नाही. मलाच एकदा वाटतंय."

"त्या बाईनं तुझ्या डोक्यात भरवलं आणि तू भरवून घेतलंस. मी करणार नाही."

आवाज ऐकून मालक आले. हे जुन्या मालकांचे चिरंजीव, आत्याहून वयानं लहान, तिच्याशी बोलताना नेहमी घसा खाकरतात. "अहो बाई, बावीस पावलांचा तर प्रश्न आहे. गिऱ्हाईक म्हणतंय तसं करू या ना. नाहीतर दुसऱ्या कुणाला सांगतो मी."

"सांगा. फर्मा मी घासलाय. कातड्याच्या कपाटाची किल्ली माझ्या कमरेला आहे. या घ्यायला."

मालक आले नाहीत. शिक्केवाली उठली. "मी माझ्या लग्नाबद्दल बोलतेय, आत्या," असं म्हणून ती गेली. जिन्यावरून तिची पावलं ऐकू आली, टक-ठप, नेहमीपेक्षा भरभर.

त्याच संध्याकाळी, काम संपल्यावर खिडकीत उजेड होता तेवढ्यात, आत्यानं ती कादंबरी टेबलावर घेतली. आरी काढली. मेण लावलेला जाड दोरा काढला, दोन सुया ओवल्या. शेवटची अठ्ठेचाळीस पानं तिनं एकत्र धरली, कडेनं आरीनं भोकं पाडली आणि शिवायला घेतली.

"अगं, वाचनालयाचं पुस्तक आहे ते!" मी ओरडले.

"फाडतेय का मी? शिवतेय. ज्याला पाहिजे त्यानं उसवावं. कष्ट करावेत आणि मग वाचावं." सुई आरपार, दुसरी सुई उलट्या बाजूनं, दोन्ही दोरे खेचून घट्ट. जोड्याचा तळ शिवतात तशी शिवण, एकेक टाका मोजून मापून सारखा. तीन बाजू बंद केल्यावर तिनं गाठ मारून दोरा कापला आणि शिवणीच्या आधीचं शेवटचं पान मला वाचायला लावलं. नायिका तळ्याच्या काठाशी आली, असं त्यात होतं. वाकून बघितलं तर पाण्यात तिला आपले दोन्ही पाय दिसले.

"बास," आत्या म्हणाली. "एवढी गोष्ट मला मान्य आहे."

पुस्तक परत करायला मी मुद्दाम तिच्याबरोबर गेले. शिक्केवालीनं शिक्का उचलला, पुस्तक उघडलं, आणि तिच्या हाताला शिवण लागली. आधी तिला काही कळलंच नाही. मग ती लाल झाली.

"हे काय केलंत? हे तुमचं पुस्तक नाही!"

"लिही माझ्या नावावर काय लिहायचं ते. सभासदत्व रद्द कर. मी भिते का?"

"मला माहितीये तुम्ही कशालाच भीत नाही!" वाचनालयात चार माणसं होती, चौघांनी वर बघितलं. "सगळ्यांना तुमच्यासारखं होता येत नाही. तुम्हाला आयुष्यात एकदा, एकदा तरी वाटलं होतं का सरळ चालावं? वाटलंच नसेल. मग तुम्हाला काय कळणार!"

आत्याच्या हातात रापी नव्हती. तिनं काउंटरची कड धरली.

"उद्या दुपारी ये," ती म्हणाली. "डबा घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी शिक्केवाली आली, पण डबा न घेता, फुरंगटून. आत्या स्टुलावर चढली, वरच्या फळीवर तिच्या फर्म्याच्या मागे हात घातला आणि कापडात गुंडाळलेला एक जोड काढला. मी इतकी वर्षं इथे आहे. हा जोड मी पाहिला नव्हता. काळं मऊ कातडं, बारीक शिवण, तळ जवळजवळ कोरा. डाव्या पायाची उंची तिनं पट्टीनं मोजून दाखवली. पूर्ण चार.

"सव्विसाव्या वर्षी केला," आत्या म्हणाली. "जुन्या मालकांना न सांगता. मला बघायला येणार होते. चांगला होता मुलगा, शाळेत शिकवायचा, मला आवडला होता. दारापासून खुर्चीपर्यंत मी सरळ चालत गेले. कुणाला काही कळलं नाही. मीसुद्धा आरशात बघून खूश झाले होते. तेव्हा विचारतेस ना वाटलं होतं का, तर वाटलं होतं. फार वाटलं होतं."

शिक्केवाली खाली बसली.

"त्यांनी होकार कळवला. आणि निरोप आला, रविवारी मुलाबरोबर बागेत फिरायला जा. आता बागेत किती पावलं? तिथून पुढे किती? रोज हा जोड घातला तर पाठ मोडणार, नाही घातला तर कळणार. खुर्चीपर्यंत जायचं मी ठरवलं होतं. त्यापुढचं पाऊल ठरवलंच नव्हतं. रविवारी मी माझा नेहमीचा जोड घालून गेले. त्याच्या घरचे म्हणाले, फसवलं तुम्ही आम्हाला." आत्यानं जोड कापडावर ठेवला. "आणि बरोबर होतं त्यांचं. मी फसवलं होतं. लंगडते म्हणून नको म्हणाले असते तर मी त्यांच्या नावानं बोटं मोडून मोकळी झाले असते. तेवढं सुख पण मी माझ्या हातानं घालवलं. तुझी पाठ बावीस पावलांनी धरणार नाही, खरं सांगते. मला भीती आहे ती तेविसाव्या पावलाची. सही करून तू वळशील, आणि सगळे बघत असतील, आता ही कशी चालते."

कारखान्यात कुणाचंच मशीन चालू नव्हतं. मालक दारात उभे राहून हातातली पावती उगाच उलटसुलट करत होते.

मला वाटलं आता शिक्केवाली आत्याच्या गळ्यात पडणार. ती पडली नाही. तिनं डोळे पुसले आणि ताठ बसून म्हणाली, "आत्या, वाईट झालं ते. पण ती तुमची गोष्ट आहे. माझा नवरा मला चार वर्षं रोज चालताना बघतोय, मी कुणाला फसवत नाहीये. त्या लेखिकेनं नायिकेला न विचारता तिचा पाय लांब केला म्हणून तुम्ही चिडलात. आणि तुम्ही मला न विचारता माझी पानं शिवून टाकलीत. काय फरक आहे?"

आत्यानं रापी उचलली, खाली ठेवली. आम्ही सगळ्यांनी माना खुपसल्या, या वेळी मीसुद्धा. मग पेन्सिलीचा आवाज आला. आत्या कातड्यावर आखत होती.

"फरक नाही," ती म्हणाली. तिला हे म्हणायला किती जड गेलं ते फक्त मला कळलं असेल. "दोन जोड करते. एक अडीचचा, एक साडेतीनचा. दोन्ही एकाच कातड्याचे, एकसारखे. दोन्ही एकाच खोक्यात देते. कुठला घालायचा ते मला सांगायचं नाही. पण एक सांगते, साडेतीनचा जोड मला आवडणार नाही, आणि तरी तो माझ्या हातचा सगळ्यात चांगला जोड असेल. नंतर कुणी म्हणायला नको, म्हातारीनं मुद्दाम बिघडवला."

आणि तिनं तसाच केला. अपर, म्हणजे वरचं कातडं, मी शिवलं, बाकी सगळं तिनं. साडेतीनच्या जोडाचा तळ तिनं दोनदा उसवून पुन्हा लावला, कारण आत भरलेल्या कॉर्कची कड तिला केसभर बाहेर वाटत होती. काम करताना ती पूर्ण वेळ त्या जोडाला शिव्या घालत होती. दोन्ही जोड शेजारी ठेवले तेव्हा मलाच आधी ओळखता आले नाहीत. माप धरावं लागलं.

लग्नाच्या चार दिवस आधी मी वाचनालयात गेले, तर तिसरा भाग फळीवर होता. शिवण जशीच्या तशी. आत पहिल्याच पानावर शिक्केवालीच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली: शेवटची अठ्ठेचाळीस पानं एका वाचकानं शिवलेली आहेत. उसवायची असल्यास कात्री काउंटरवर मागावी. मी धावत येऊन आत्याला सांगितलं. मला वाटलं ती खूश होईल.

"त्याचा काही अर्थ नाही," ती म्हणाली. "कंटाळा केला असेल उसवायचा. मेणाचा दोरा आहे तो." पण दुपारी तिनं पुस्तक उघडलं नाही, खिडकीतून बाहेर बघत बसली.

नोंदणी कार्यालयाचा हॉल दुसऱ्या मजल्यावर होता. लाकडी जमीन, उंच खिडक्या, टोकाला टेबल, टेबलामागे चष्मा लावलेले अधिकारी. सकाळचे अकरा. आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो. आत्यानं ठेवणीतले कपडे घातले होते आणि पायात नेहमीचा जोड. नवरा टेबलाशी उभा होता, एका पायावरून दुसऱ्या पायावर होत. त्याच्या घरचे पन्नासेक लोक, तिच्या घरचे तेवढेच. सगळे माना वळवून दाराकडे बघत होते. आत्या वळली नाही. तिचे दोन्ही हात मांडीवर एकमेकांत घट्ट धरलेले होते. त्या हातांना काही काम नाही असं मी प्रथमच पाहत होते.

"घातला असेल साडेतीनचाच," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "घालू दे. छान झालाय तो."

दार उघडलं. हॉल शांत झाला.

टक-ठप.

पहिल्याच पावलाला. मग दुसरं. लाकडी जमिनीवर ते इतकं स्वच्छ वाजत होतं की शेवटच्या रांगेपासून टेबलापर्यंत कुणालाही चुकवता आलं नसतं. ती घाई करत नव्हती. आमच्या रांगेपाशी आली तेव्हा तिनं आत्याकडे बघितलं, हसली नाही, हनुवटी जरा वर केली आणि पुढे गेली. टक-ठप, टक-ठप. नवरा जागचा हलला नाही. पट्टा बांधायचं निमित्त त्यानं केलं नाही.

आत्यानं माझा हात असा आवळला की कळ कोपरापर्यंत गेली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिच्या मनातही नव्हतं.

"तेविसावंच आधी टाकलं पोरीनं," ती म्हणाली, तिच्या कारखान्यातल्या नेहमीच्या आवाजात.

पुढच्या रांगेतल्या दोन बायका दचकून मागे वळल्या. एक आत्याकडे बघत होती, दुसरी तिच्या पायातल्या जोडाकडे.

"काय बघताय?" आत्या म्हणाली. "लंगडतेय ती. जोड मी केलाय."